कूलरसाठी एक तांब्या

त्या कूलरचा पत्रा हिरवा होता आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं होतं : 'श्री. शंकरप्पा, अध्यक्ष, यांजकडून शाळेस सप्रेम भेट'. खाली एक कमळ काढलं होतं. पाणी प्यायचा आमच्या लेकरांचं आणि नाव मिरवायचा अध्यक्षांचं. आज इतकी वर्षं झाली, पण ती लाल अक्षरं आठवली की माझं डोकं सणकतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून फुटून नुकता कुठं चालायला लागला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी 'आपला नवा जिल्हा'. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब. ह्या भरातच उदगीरच्या पुढं एसटीनं तासभर आत असलेल्या आमच्या हिप्परवाडीच्या हायस्कूलला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले. गावात नळ नव्हता, टँकर दिवसाआड यायचा, शाळेच्या निम्म्या खोल्यांचा पत्रा उडालेला, पण कॉम्प्युटर आले. मी म्हणते, येऊ द्या ना! खेड्यातल्या लेकरांनी का म्हणून मागं राहावं? मी तर हरखून गेले होते.

मी सिंधु. त्या शाळेत विज्ञान शिकवायची. माहेर उमरीचं, वडील रेल्वेत गँगमन, बीएस्सी नांदेडला केलेली. आमच्या बौद्ध घरातली शिकून नोकरीला लागलेली मी पहिली. कॉम्प्युटरचं प्रशिक्षण नांदेडजवळ विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजात होतं, तेही भर मे महिन्यात. बाकीचे मास्तर म्हणाले, "एवढ्या उन्हात कोण मरायला जातंय, बाईंना पाठवा." गेले मी. तिथं खिडक्या सताड उघड्या टाकून, डोक्यावर एक पंखा फिरवत, त्या मशिनी दिवसभर चालायच्या. शिकवणाऱ्या सरांना मी मुद्दाम विचारलं, "सर, गरमीनं बिघडतं का हो हे?" ते हसले. म्हणाले, "आपल्याला सोसतं तेवढं ह्यालाही सोसतं. धूळ बसू देऊ नका, पाणी सांडू देऊ नका, आणि लेकरांना हात लावू द्या."

हे मी परत येऊन हेडमास्तरांना शब्दाला शब्द सांगितलं. आमचे हेडमास्तर व्यंकटराव. माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणतात, मी म्हणणार नाही. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की मुंबईला कॉम्प्युटर थंड खोलीत ठेवतात. ते एकदा डोक्यात बसलं ते बसलं.

"सिंधुबाई, सरकारी वस्तू हाय. तापून जळली तर तुमचा बाप भरून देणार काय?"

"माझा बाप रूळ सांभाळतो, सर," मी म्हणाले. "सरकारी वस्तू कशी सांभाळायची ते त्याला चांगलं ठाऊक आहे."

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग काय! संस्थेचे अध्यक्ष शंकरप्पा पुढं सरसावले. त्यांची गावात अडत होती, हात सढळ आणि नावाची हौस दांडगी. उदगीरहून त्यांनी पत्र्याचा कूलर करून आणला, रंगवून घेतला, नाव घातलं. नारळ फुटला. कूलरला हार, कॉम्प्युटरला हळदकुंकू. कीबोर्डच्या कळांच्या फटीत हळद जाईल म्हणून मी हात आडवा घातला, तर मागून एकजण म्हणाली, "बाईला देवाधर्माचं वावडंच हाय." खिडक्यांना काळे पडदे लागले, दाराला कुलूप लागलं, चपला बाहेर काढायच्या. आणि लेकरांनी दारातूनच बघायचं. हात लावायचा नाही म्हणजे नाही. मी आत कळा दाबायच्या आणि सबंध वर्गानं दारात दाटी करून माना उंच करायच्या, हे आमचं कॉम्प्युटर शिक्षण.

आता कूलरला पाणी लागतं. टँकर यायचा तो गावालाच पुरत नव्हता. मग प्रार्थनेनंतर हुकूम सुटला : प्रत्येकानं घरून रोज एक तांब्या पाणी आणायचं, कॉम्प्युटरसाठी. जो आणणार नाही तो वर्गाबाहेर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सकाळी लेकरं तांब्यावर तळहात झाकून, थेंब सांडू नये म्हणून पाय घासत चालायची. घरात चूळ भरायला पाणी नाही अशा घरची लेकरं ती.

पण खरी गंमत पुढंच आहे. गंमत म्हणते, कारण दुसरा शब्द काढला तर तोंड घाण होईल. शाळेच्या वट्ट्यावर पिण्याच्या पाण्याचा रांजण होता आणि शिपाई सटवाजी त्याची राखण करायचा. बौद्धवाड्यातल्या लेकरांनी रांजणाला हात लावायचा नाही. ती ओंजळ धरायची आणि सटवाजी वरून धार सोडायचा. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी बोलायचंही नाही, पण सगळ्यांना पाठ होतं. मी तक्रार केली तेव्हा व्यंकटराव म्हणाले, "गाव हाय बाई, हळूहळू होईल." आणि माझ्यासाठी स्टाफरूममध्ये वेगळी सुरई आणून ठेवली. का, तर म्हणे बाईंचा घसा नाजूक आहे. माझा घसा नाजूक! माझा आवाज चार खोल्या ओलांडून जातो. ती सुरई मी फोडली. त्यांनी दुसरी आणली, तीही फोडली.

तर आता तांब्यांची रांग लागली, आणि सटवाजीनं पहिल्याच दिवशी तिच्या दोन रांगा केल्या. गावातल्या लेकरांचं पाणी थोडं रांजणात, थोडं कूलरमध्ये. बौद्धवाड्यातल्या लेकरांचं मात्र सगळं कूलरमध्ये. मी तडक ऑफिसात गेले.

"सर, हे काय चाललंय?"

व्यंकटराव मिशीतल्या मिशीत हसले. "त्यात काय एवढं? मशीनला कुणाचंबी पाणी चालतंय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मशीनला चालतं! मशीनला अक्कल आहे म्हणून चालतं, असं मी म्हणाले आणि दार आपटून बाहेर आले. दाराचा आवाज झाला तेवढाच. दुसऱ्या दिवशी रांगा दोनच होत्या.

आणि एवढं पाणी पिऊन तो कूलर करत काय होता? मशीन बंद पाडत होता. आमच्याकडं विजेचा दाब आधीच अशक्त. कूलरची मोटार घुर्र करून सुरू झाली की खोलीतला बल्ब पिवळा पडायचा, मशीनचा पडदा थरथरायचा, मशीन विझायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. त्यात लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. कूलर बंद करा, दाब कमी पडतोय, असा मी कंठशोष केला. पण व्यंकटरावांचं उलटंच. मशीन विझली, म्हणजे तापली. तापली, म्हणजे कूलरमध्ये पाणी आणखी ओता! चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा मी त्यांना बल्बकडं बोट करून दाखवलं. कूलर बंद केला, बल्ब पांढरा झाला. कूलर लावला, बल्ब पिवळा. आंधळ्यालाही कळलं असतं. ते हळूच म्हणाले, "भेट बंद ठिवली तर माणूस दुखावतो, बाई. उडालेले पत्रे उद्या कोण बसवून देणार?"

म्हणजे कळलं होतं त्यांना! कळलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी लेकरं तांबे घेऊन उभीच होती. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो थोडा मान उरला होता तो गेला.

मग मी माझी वेगळी शाळा काढली. कॉम्प्युटर ज्या खोक्यात आले होते त्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर शाईनं सगळ्या कळा काढल्या, जिथल्या तिथं, मापात. मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली तो पुठ्ठा मांडला. ज्याला शिकायचंय त्यानं यावं. मी फळ्यावर आज्ञा लिहायची, लेकरांनी पुठ्ठ्यावर बोटं चालवायची, आणि पडद्यावर काय येईल ते तोंडानं सांगायचं. पोरं चार दिवसांत कंटाळली. दोन पोरी टिकल्या. एक जगदेवी, अध्यक्ष शंकरप्पांची नात. दुसरी बौद्धवाड्यातली चांगुणा. दोघी आठवीत.

चांगुणाचं काय सांगू! पहिल्या दिवशी सगळा वर्ग दारात उभा राहून विचारत होता, "बाई, ह्याच्यावर सिनेमा दिसतो का?" आणि ही एकटी विचारत होती, "बाई, कळ खाली दाबली तर अक्षर वर कसं जातंय?" पुठ्ठ्यावर तिची बोटं अशी चालायची की न बघता कळ सापडायची. आणि जगदेवी चुकली की तिला हातावर चापट मारायची. अध्यक्षांची नात खुशाल मारून घ्यायची. झाडाखाली ह्या दोघी एकमेकींच्या अंगाला खेटून बसायच्या, आणि वट्ट्यावर गेल्या की एक ग्लास बुडवायची, दुसरी ओंजळ धरायची. ते दोघींनाही शिकवलेलं होतं, आणि ते पुठ्ठ्यावर शिकवायला लागलं नव्हतं.

एक दिवस चांगुणा आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सटवाजी म्हणाला, "पाणी आणलं न्हाई म्हणून सरांनी घरी लावून दिली. मग आलीच न्हाई." मी शाळा सुटल्या सुटल्या बौद्धवाड्यात गेले.

तिची आई कोंडाबाई नुकतीच कामावरून आलेली. रोजगार हमीवर खडी फोडायची. नवरा नव्हता. हात भेगाळलेले, पापण्यांवर दगडाची भुकटी.

"जयभीम बाई, बसा," ती म्हणाली, आणि अशा दुष्काळातही तिनं आधी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मी एक घोट घेऊन परत सरकवला.

"मावशी, चांगुणाला का हो ठेवून घेतलंत?"

"आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, बाई? टँकर गावात आधी रिकामा व्हतो, इकडं येतो तवा तळाला राहिलेलं. माझी लेक शिवारातल्या हिरीत उतरून वाटी-वाटीनं भरती. त्यातला येक तांब्या रोज तुमच्या शाळंला. बरं, दिला. लेक शिकून राहिली म्हणून दिला. पर मी तिला इचारलं, त्या कंपुटरला हात लावलास का गं? म्हणली न्हाई. पुठ्ठ्याला लावते म्हणली." कोंडाबाईनं माझ्याकडं सरळ बघितलं. "आमचं पाणी चालतंय अन् बोट न्हाई चालत व्हय?"

मी मान खाली घातली.

"ऐका," ती म्हणाली. "त्या मशीनला माझ्या लेकीचं बोट लागू द्या. मंग मी तांब्या काय, माझ्या वाट्याचं पाणीबी देते. न्हाई तर सोमवारपासून ती माझ्यासंगं खडीवर. मुकादमाशी बोलून ठिवलंय मी. दोघींची हजेरी लागली तर पोटाला तरी व्हईल."

चांगुणा चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही, पण तिच्या हातातली फुंकणी थांबली होती. एकदा खडीवर गेलेली पोर शाळेत परत आलेली मी तरी बघितली नव्हती.

"शनिवारी लातूरहून साहेब येणार आहेत कॉम्प्युटर बघायला," मी म्हणाले. "त्यांच्यासमोर मशीन चांगुणा चालवील. माझा शब्द आहे."

शब्द देऊन बसले. माझ्या हातात काय होतं? खोलीची किल्ली व्यंकटरावांच्या कमरेला.

शुक्रवारी त्यांनी साहेबांपुढं बसवायची मुलं ठरवली. इस्त्रीच्या कपड्यांची, चांगल्या घरची. मधोमध शिवमूर्ती, अध्यक्षांचा नातू, जगदेवीचा भाऊ. त्यानं बिचाऱ्यानं कधी पुठ्ठ्यालाही बोट लावलं नव्हतं.

"चांगुणाला बसवा सर," मी म्हणाले.

"ती पाणी आणत न्हाई. गैरहजर हाय."

"मग साहेबांना मशीन तुम्हीच चालवून दाखवा. मी उद्या रजेवर."

त्यांना मशीन चालू करता यायची, बस्स. पुढचं सगळं अंधारात. त्यांनी घाम पुसला. "बाई, तुम्ही लई अडवून राहिलात हां. मागं उभी राहू द्या तिला. पण काही बोलायचं न्हाई, पुढं यायचं न्हाई."

"बरं," मी म्हणाले. मागं तर मागं, खोलीच्या आत तर येईल.

शनिवारी शाळा झाडून-सारवून लख्ख. सारवायला पाणी कुठून आणलं विचारू नका, मला संताप येईल. लेकरं उन्हात दोन्ही बाजूंना उभी, हातात आपापला तांब्या, का तर साहेबांना दिसावं की गावाचा सहभाग किती आहे. कूलर निम्म्याच्या वर भरलेला. साहेब आले, हार घातले, बाहेर बूट काढले. आत शिरताच त्यांच्या तोंडावर गार वारा आला. "वा!" ते म्हणाले. अध्यक्ष खुलले आणि कूलरच्या बाजूला असे उभे राहिले की त्यांचं नाव झाकलं जाऊ नये.

"आमचा शिवमूर्ती दाखवतो, साहेब," व्यंकटराव म्हणाले.

मी शिवमूर्तीच्या कानात सांगितलेली कळ त्यानं दाबली. अक्षर उमटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मधेच थांबलेला कूलर पुन्हा सुरू झाला, मोटार घुर्र झाली, बल्ब पिवळा पडला आणि मशीन विझली.

"तापली!" व्यंकटराव ओरडले. "सटवाजी, पाणी ओत!"

सटवाजीनं बाहेरच्या लेकरांचे तांबे घेऊन कूलरमध्ये रिचवले. मशीन पुन्हा लावली. शिवमूर्तीनं दुसरी कळ दाबली. पुन्हा घुर्र, पुन्हा अंधार. शिवमूर्ती रडायच्या घाईला आला. साहेबांनी घड्याळात बघितलं. म्हणाले, "राहू द्या मग. पुढच्या शाळेत जायचंय."

ते वळले. दारात तोंडं सुकलेली लेकरं उभी होती, हातात रिकामे तांबे. मागं भिंतीला टेकून चांगुणा उभी, ओठ दाबून. सोमवार तिला समोर दिसत असणार. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले आणि कूलरची वायर भिंतीतून उपटली.

"अहो, अहो! काय करून राहिल्या तुम्ही?" अध्यक्ष ओरडले.

"मशीन वाचवून राहिले! साहेब, एक मिनिट थांबा. चांगुणा, ये इकडं."

ती आली. हात परकराला पुसले. शिवमूर्ती आपणहून उठला आणि तिला खुर्ची दिली. मी मशीन पुन्हा लावली. तिनं पहिल्या कळेवर बोट टेकवलं आणि दचकून उचललं. पुठ्ठ्यावरची कळ खाली जात नसे ना! मग तिनं श्वास घेतला आणि सुरू झाली. एकदाही कळ शोधली नाही. दोन ओळी लिहिल्या, शेवटची कळ दाबली, आणि पडदा इंग्रजी अक्षरांनी वरपासून खालपर्यंत भरून वाहायला लागला. कोंडाबाई, कोंडाबाई, कोंडाबाई. थांबायचं नावच नाही. खोली भट्टीसारखी तापली होती, साहेबांच्या मानेवरून घाम निथळत होता, व्यंकटरावांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि मशीन आपली खुशाल चालली होती.

"हे कुणाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईचं. ह्या मशीनला पाणी तिनं दिलंय."

"आणि तू हे शिकलीस कुठं?"

"पुठ्ठ्यावर, साहेब."

साहेब हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कूलरची तर गरजच दिसत नाही." मला वाटलं, जिंकलो! संध्याकाळी मी अक्षरशः पळत बौद्धवाड्यात गेले.

"मावशी, तुमचं नाव आलं मशीनवर. लेकीनं लिहिलं."

"माझं?" कोंडाबाई उभीच राहिली. "कशापायी माझं? ऱ्हाईल का ते?"

"नाही राहत. मशीन बंद केली की पुसतं. पण पुन्हा लिहिता येतं."

"मंग लिहू द्या तिला पुन्हा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आतून म्हणाली, "मुकादमाला सांगते मी, येकटीच येते म्हणून."

सोमवारी मी शाळेत आले तर तांब्यांच्या दोन्ही रांगा तशाच. मला कळेना. कूलर तर बंद! मग ऑफिसच्या खिडकीकडं लक्ष गेलं. हिरवा पत्रा, लाल अक्षरं. कूलर व्यंकटरावांच्या खुर्चीमागं घुर्र-घुर्र चालला होता.

"भेट वाया कशी घालवायची, बाई?" ते गार वाऱ्यात बसून म्हणाले. "आन् लेकरांना आता सवय झालीय पाणी आणायची."

सवय झालीय! साहेबांसमोर वायर उपटली, आणि ह्यांनी काय केलं, तर ती भिंतीच्या दुसऱ्या बाजूला लावली.

तेवढ्यात चांगुणा आली. वेणी घट्ट घातलेली, तांब्या घासून लख्ख केलेला. सटवाजीनं सवयीनं ऑफिसकडं बोट केलं.

"मशीनसाठी न्हाई का आता?" तिनं विचारलं.

"न्हाई. आता सरांच्या खोलीत."

"आईनं मशीनसाठी दिलंय."

व्यंकटराव दारात आले. "मग जा घरी घेऊन. नियम म्हणजे नियम. पाणी न्हाई तर वर्ग न्हाई."

मी तोंड उघडणार तोच ती वळली. तरातरा वट्ट्यावर चढली, रांजणाचं झाकण उचललं आणि तांब्या आत ओतला. सगळा. मग रिकामा तांब्या हातात धरून म्हणाली, "दिलं पाणी, सर. जाऊ वर्गात?"

रांगेतली लेकरं वट्ट्याकडं वळून बघायला लागली.

"अगं ए, तिकडं कशाला..." व्यंकटराव म्हणाले आणि थांबले.

"तिकडं काय, सर?" मी म्हणाले. आवाज चार खोल्या ओलांडून गेला असेल. "पुरं बोला. सगळ्या लेकरांना ऐकू द्या. तिकडं काय?"

बोलले नाहीत. कसे बोलणार? इतकी वर्षं न बोलता चाललेलं होतं ते. शेवटी सटवाजीकडं वळून म्हणाले, "रांजण रिकामा कर. धुऊन घे. कचरा गेला असंल."

सटवाजीनं रांजणाच्या काठाला हात लावला. रांजण निम्मा भरलेला होता. गावातल्या सगळ्या घरांचं पाणी होतं त्यात, तळहात झाकून, पाय घासत आणलेलं. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. लेकरं एकटक बघत होती. एक लहान पोरगी तर ओठ चाटत होती.

"ओता ना!" मी म्हणाले. "ओता मातीत. बघू द्या गावाला."

सटवाजीचे हात काठावर तसेच राहिले. मग त्यानं ते काढून घेतले. "न्हाई जमत, सर," तो म्हणाला. "असलं पाणी सांडायला हात उठत न्हाई. काय करायचं ते करा."

जगदेवी रांगेतून बाहेर पडली. अध्यक्षांची नात, तिच्याकडं बघून कोण बोलणार? ती वट्ट्यावर गेली, ग्लास बुडवला आणि घटाघटा प्याली. मग तोंड पुसलं आणि ग्लास चांगुणापुढं धरला. चांगुणाची ओंजळ सवयीनं वर आली. जगदेवीनं तिच्या हातावर चापट मारली, झाडाखाली चांगुणा तिला मारायची तशी, आणि ग्लास हातात दिला. चांगुणानं तो स्वतः रांजणात बुडवला.

त्यानंतर रांग एकच झाली. मी केली नाही, सटवाजीनं केली नाही, लेकरं आपणच वट्ट्याकडं वळली आणि एकामागून एक तांबे रांजणात रिकामे करायला लागली. ऑफिसातला कूलर थोडा वेळ कोरडा खडखडला आणि व्यंकटरावांनी आत जाऊन तो बंद केला.

घंटा झाली. मी आठवीच्या वर्गावर गेले, हजेरी उघडली, नावं घ्यायला लागले. चांगुणाचं नाव घेतलं, ती उभी राहून "हजर" म्हणाली. पुढचं नाव जगदेवीचं होतं. पण माझा तो चार खोल्या ओलांडून जाणारा आवाज काही केल्या फुटेना. शेवटी जगदेवीच न बोलावता उभी राहिली आणि म्हणाली, "मीबी हाय, बाई."